सोलापुरातलं जेवणघर: टेबल घेण्याआधी काय मोजायचं, काय बघायचं

नव्या घरात सोफा आणि पलंग लगेच ठरतात. जेवणाच्या टेबलाचं मात्र "बघू नंतर" होतं, आणि मग एखाद्या रविवारी दुकानात जे चकचकीत दिसेल ते घरी येतं. काही महिन्यांत त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे, मुलांची दप्तरं आणि विजेची बिलं येऊन बसतात आणि घरची माणसं ताट हातात घेऊन टीव्हीसमोर जेवतात. टेबल वाईट नसतं. ते त्या घरातल्या जेवणाला जुळलेलं नसतं, एवढंच. पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांनी, मग तो जुळे सोलापूर या भागातला नवा फ्लॅट असो की पेठेतलं जुनं घर, आपलं ताट, आपली माणसं आणि आपला उन्हाळा बघून टेबल ठरवावं. दुकानातली मांडणी त्यानंतर.

आधी घरच्या जेवणाकडे बघा

आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा. सकाळी डबे भरायची घाई असताना कोण कुठे उभं राहून खातं? रात्री सगळे एकत्र बसतात का? आजी-आजोबांना खाली बसवतं का, की गुडघे दुखतात? भाकरी तव्यावरून थेट ताटात येते की टोपलीत साठते? गरम भाकरी एकेक करून वाढायची घरात पद्धत असेल तर टेबल स्वयंपाकघराच्या दाराजवळच हवं. नाहीतर वाढणाऱ्या बाईच्या फेऱ्या संपत नाहीत आणि ती शेवटी एकटीच जेवते. टेबलाची जागा ठरवताना ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवते.

पाहुण्यांचा हिशोब सोलापुरात वेगळा असतो. तुळजापूर आणि अक्कलकोट इथून तासाभराच्या अंतरावर, पंढरपूरही फार लांब नाही. दर्शनाला निघालेले नातेवाईक गाडी भरून येतात आणि जाताना किंवा येताना आपल्याकडे जेवतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की घरात माणसांची ये-जा वाढतेच. म्हणून रोजची चार माणसं असली तरी "दहा आली तर?" हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. दहा माणसांचं टेबल घेणं हे त्याचं उत्तर नव्हे. रोजच्यापुरतं टेबल, एका बाजूला बाक, आणि बाकीच्यांसाठी खाली पंगत बसेल एवढी मोकळी फरशी ठेवली की काम होतं. पाट आणि सतरंज्या माळ्यावर न टाकता हाताशी ठेवा. टेबल आलं म्हणून पंगत बंद करायचं काहीच कारण नाही.

मापं: ताट हातात घेऊन मोजा

दुकानात "फोर सीटर, सिक्स सीटर" असं सांगतात. त्या शब्दांवर जाऊ नका, टेप घेऊन जा.

आपलं जेवणाचं स्टीलचं ताट साधारण १२ इंच व्यासाचं असतं. समोरासमोर दोन ताटं ठेवली की २४ इंच गेले. आता मध्ये भाजीचं पातेलं, भाकरीची टोपली, चटणीची बरणी, पाण्याचा तांब्या. त्यासाठी किमान १० ते १२ इंच लागतात. म्हणजे टेबलाची रुंदी ३ फूट हवी. बाजारात अडीच फुटी टेबलं भरपूर मिळतात. कपबशा आणि पोह्यांच्या बशा त्यावर छान मावतात, पण आमटी, भात, दोन भाज्या आणि कोशिंबीर असं जेवण मांडलं की पातेली ओट्यावर राहतात. जागा खरंच कमी असेल तर अडीच फुटी टेबल भिंतीला लावा आणि तीनच बाजूंनी बसा, पण ही तडजोड आहे हे आधी समजून घ्या.

लांबीत प्रत्येक माणसाला २ फूट धरा. भाकरी मोडताना, कांदा हातानं फोडताना कोपर बाहेर जातंच. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन माणसं बसणार असतील तर ४ फूट लांबी पुरते, तीन-तीन बसणार असतील तर ६ फूट. ५ फुटी टेबलाला सहा खुर्च्या लावून विकतात. त्यावर चार माणसं ऐसपैस आणि सहा दाटीवाटीनं बसतात. गोल टेबल चौकोनी खोलीत सुंदर दिसतं, चार जणांसाठी ४ फूट व्यास पुष्कळ झाला, आणि लहान मुलांच्या घरात कोपरे नसल्यानं डोकी वाचतात.

टेबलाची उंची साधारण ३० इंच आणि खुर्चीची बैठक १८ इंच, म्हणजे दोन्हींमध्ये १२ इंच अंतर. ते १० इंचांपेक्षा कमी झालं की मांड्या टेबलाला घासतात. टेबल एका दुकानातून आणि खुर्च्या दुसरीकडून घेणार असाल तर हे अंतर आवर्जून मोजा. टॉपच्या खाली लाकडी पट्टी असते, तिच्या खालच्या कडेपासून बैठकीपर्यंत निदान ७ इंच मोकळे हवेत. फोटोत ही पट्टी दिसत नाही, गुडघ्याला मात्र लगेच कळते.

खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३ फूट लागतात. मागून कोणी पातेलं घेऊन जाणार असेल तर साडेतीन. हे सगळं कागदावर काढत बसू नका. घरातली जुनी चादर घ्या, टेबलाच्या मापाची घडी घालून जमिनीवर अंथरा, चारही बाजूंना खुर्च्या ठेवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. फ्रीजचं दार उघडतं का, बाल्कनीत जाता येतं का, हात धुवायला बेसिनकडे जाणारा माणूस कुणाच्या खुर्चीला धडकतो का, सगळं आपोआप दिसतं.

आणि जिना मोजा. पेठांतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि वळणाचे असतात, नव्या इमारतीत लिफ्टमध्ये ६ फुटी टॉप मावतो का ते बघा. पाय बोल्टनं निघणारं टेबल घेतलं की हा प्रश्न निम्मा सुटतो.

टॉप कशाचा

इथे वेळ घालवा. टेबलाचं आयुष्य टॉपवर ठरतं, आणि आपलं जेवण टॉपची परीक्षा घेतं. शेंगाचटणीचं तेल, हळद, चिंचेचा कोळ, ताक, लिंबू, आणि चुलीवरून उतरलेलं गरम पातेलं.

संगमरवर दिसायला राजस, पण जेवणाच्या टेबलाला नको. संगमरवरात चुना असतो आणि लिंबू, चिंच, दही यांच्या आंबटपणानं तो खाल्ला जातो. लिंबाची फोड तासभर पडून राहिली तर तिथली चकाकी जाते. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे घासून काही होत नाही. शहाबादी फरशीचंही तेच, तीही चुनखडीच. ग्रॅनाइट या बाबतीत पक्का. मात्र वजन लक्षात घ्या: ६ बाय ३ फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट सुमारे ८० किलो भरतो. खाली लोखंडी किंवा जाड लाकडी सांगाडाच हवा, आणि दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूनं त्याच्या वाटेला जाऊ नये.

काचेचा टॉप खोली मोठी भासवतो. घ्यायचाच असेल तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच, १० किंवा १२ मिलिमीटर, कडा घासून गोल केलेल्या. पण स्टीलच्या ताट-वाट्यांचा त्यावर होणारा खणखणाट आणि तेलकट बोटांचे ठसे रोज सहन करावे लागतात. स्टीलमध्ये जेवणाऱ्या घराला मी काच सुचवत नाही.

प्लायवर सनमायका हा बहुतेकांच्या खिशाला परवडणारा आणि खरोखर चांगला पर्याय. आत काय आहे ते विचारा. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. प्लाय घ्या, आणि बेसिनजवळ किंवा कूलरच्या झोतात टेबल येणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय घ्या. सनमायका अगदी चकचकीत नको, त्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. फार खरखरीतही नको, त्याच्या रेघांत मसाला बसतो. दुकानात नमुन्याच्या तुकड्यावर बोटानं थोडं तेल लावून कोरड्या फडक्यानं पुसून बघा. एका पुसण्यात निघालं पाहिजे. कडेची पट्टी २ मिलिमीटर जाडीची मागा. पातळ पट्टी पहिल्यांदा कोपऱ्यावर उचकटते आणि तिथूनच पाणी आत शिरतं.

आता अस्सल लाकूड. सागवान महाग, पण वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि आपल्या हवेत ते टिकतं. सोलापूरची हवा लाकडाला कठीण आहे. मार्च ते मे कोरडी, पारा चाळिशीच्या वर, आणि जूननंतर एकदम दमट. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि ३ फूट रुंद टॉप काही मिलिमीटर तरी हलतोच. म्हणून दोन गोष्टी सुताराला आधीच सांगा. लाकूड नीट वाळलेलं, मुरलेलं हवं. आणि टॉप खालच्या चौकटीला घट्ट ठोकून टाकायचा नाही, स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवायची, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. हे केलं नाही तर दोन फळ्यांच्या जोडावर मे महिन्यात चीर पडते आणि मग दोष लाकडाला दिला जातो.

जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यातलं सागवान वखारीत येतं. तुळया, चौकटी, दारं. वर्षानुवर्षं वाळलेलं हे लाकूड टेबलासाठी उत्तम, फार हलत नाही. घेताना खिळे किती आहेत, किडीची बारीक भोकं आहेत का, आणि भोकांतून पिवळसर भुसा पडतो का ते बघा. भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण प्रक्रिया केलेलं नसेल तर त्याला कीड लवकर लागते.

टॉप कशाचाही असो, गरम भांड्याखाली लाकडी फळी किंवा जाड चुंबळ हवीच.

खुर्च्या, बाक आणि घाम

खुर्चीवर बसून जेवताना आपल्यापैकी कितीतरी जण सवयीनं एक पाय वर घेतात, नाहीतर सरळ मांडी घालतात. मग बैठक सपाट हवी आणि १८ ते २० इंच रुंद हवी. मध्ये खोलगट, पुढे उतरत्या बैठकीची खुर्ची दुकानात आरामशीर वाटते, मांडी घातली की टोचते. दुकानात जाल तेव्हा तिथेच मांडी घालून बसा. लाजू नका, पैसे आपले जाणार आहेत.

घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांच्यासाठी एक खुर्ची हातांची घ्या. उठताना जोर द्यायला हात लागतात. बाकीच्या बिनहाताच्या, म्हणजे टेबलाखाली पूर्ण सरकतात. हातांची खुर्ची टेबलाखाली जाते का तेवढं मोजा.

रेक्झिनच्या गाद्या पुसायला सोप्या, पण एप्रिल-मेच्या दुपारी पाठ आणि मांड्या चिकटतात. लाकडी बैठक आणि तिच्यावर बंदांनी बांधायची सुती गादी हे मला सगळ्यात बरं वाटतं. अभ्रा काढला, धुतला, पुन्हा चढवला. वेताच्या विणीची बैठक हवा खेळती ठेवते, पण कोरड्या हवेत वेत कडक होऊन तुटतो. उन्हाळ्यात मधूनमधून खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळू द्या, वीण वर्षानुवर्षं टिकते.

खुर्ची विकत घेण्याआधी उलटी करा. पाय आणि चौकट कशानं जोडलीय? लाकूड लाकडात खाच करून बसवलेलं असेल तर उत्तम, नुसते स्क्रू असतील तर कोपऱ्यात आधाराचा त्रिकोणी ठोकळा तरी हवा. पायांचा तळ बघा. तो कोरा असेल तर फरशी पुसताना पाणी तिथूनच लाकडात चढतं. पॉलिशचा हात तळालाही मारून घ्या आणि रबरी बूच लावा. लोखंडी पायांनाही गंज तळापासूनच चढतो.

पंखा आणि दिवा यांचं भांडण

टेबलाच्या बरोबर मधोमध लोंबता दिवा हे चित्र सगळ्यांच्या मनात असतं. आणि सोलापुरात टेबलाच्या बरोबर वर पंखा लागतो. दोन्ही एका जागी राहत नाहीत. लोंबता दिवा पंख्याच्या वाऱ्यात झुलतो, आणि दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर ताटात सावल्या फिरत राहतात. डोकं दुखतं.

तोडगा असा: पंखा छतावर, पण पातं दिव्याच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढा टेबलाच्या मध्यापासून बाजूला घ्या. अगदी डोक्यावर पंखा असला तर भाकरी वातड होते आणि आमटी दोन मिनिटांत निवते. नाहीतर भिंतीवरचा पंखा लावा, माणसांकडे वळवलेला. मग लोंबता दिवा टेबलावर येऊ शकतो, टॉपपासून साधारण ३० इंच वर, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. भाड्याच्या घरात छताचा पॉइंट हलवता येत नसेल तर दिव्याचा हट्ट सोडा आणि भिंतीवर दोन दिवे लावा. पंखा सोडू नका.

प्रकाश पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. पांढऱ्या-निळसर प्रकाशात वांग्याचं भरीत आणि पिठलं फिकट दिसतं.

वास्तूची दिशा घरात बघत असतील तर ती आत्ताच, इलेक्ट्रिशियन यायच्या आधी ठरवा. पॉइंट काढून झाल्यावर दिशा बदलली की भिंत पुन्हा फोडावी लागते. पश्चिमेच्या खिडकीशेजारी टेबल टाळा. दुपारचं ऊन जेवणाऱ्याच्या पाठीवर येतं आणि पॉलिशचा रंग उडतो. टाळता येत नसेल तर अस्तराचा जाड सुती पडदा लावा.

कापड: ते आपल्याच गावात आहे

सजावटीसाठी बाहेरून काही मागवण्याआधी चाटी गल्लीतल्या कापडबाजारात एक चक्कर मारा. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि पूर्व भागातल्या विणकर घरांच्या कित्येक पिढ्या या कामात गेल्या. जेवणघरात त्या कामाला मानाची जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं.

जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली चादर जाड असते, दोन्ही बाजूंनी नक्षी उलट रंगांत दिसते. टेबलावर रोज अंथरायला ती जड पडते, भिंतीवर मात्र फार शोभते. वरच्या कडेला लाकडी दांडी ओवून टांगा. मोराची किंवा भौमितिक नक्षी असेल तर टेबलामागची भिंत साध्या, फिकट रंगाची ठेवा. बाकावरची गादी चादरीच्या कापडातून शिवून घेतली तर तिला वर्षानुवर्षं काही होत नाही. गडद रंगाची चादर पहिल्यांदा धुताना वेगळी, गार पाण्यात धुवा.

टेबलावर ताटाखाली सुती मॅट आणि हात पुसायला टेरीचे नॅपकिन घ्या. नवा टेरी नॅपकिन पाणी नीट शोषत नाही, त्यावर कारखान्यातली खळ आणि मऊपणासाठी लावलेलं द्रव असतं. दोन-तीनदा धुतला की शोषतो. कपडे मऊ करणारं द्रव त्यात घालू नका, शोषण पुन्हा कमी होतं. नॅपकिनचा रंग गडद किंवा मातकट घ्या, पांढरा नको. हळदीचा डाग पडलाच तर धुवून कडक उन्हात टाका. साबणानं तो आधी लाल होतो, घाबरू नका. उन्हानं हळदीचा रंग फिका पडत जातो, आणि उन्हाला सोलापुरात तोटा नाही.

टेबलावर प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर घालायचा मोह आवरा. त्याखाली पाणी अडकून पॉलिशवर पांढरे चट्टे पडतात.

पाणी, माठ आणि धूळ

शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा साठा जेवणघराच्या आसपास असतोच. माठ किंवा पिंप कपाटावर ठेवू नका. माठ पाझरतो आणि प्लायचं कपाट महिन्याभरात खालून सुटायला लागतं. त्याला लोखंडी तिवई द्या, खाली परात ठेवा. बेसिन टेबलापासून तीन-चार पावलांवर असावं आणि बोअरचं जड पाणी असेल तर बेसिन गडद रंगाचं घेऊ नका, पांढरे थर उठून दिसतात.

भांडी मांडायला उघडी शेल्फ दिसायला छान. पण उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं इथे रोज धुळीचा थर बसतो. काचेची दारं लावा. पितळेचे डबे, तांब्याचे तांबे आत मांडा, रोजच्या स्टीलच्या वस्तू खालच्या बंद कप्प्यात. लोणच्याच्या आणि चटणीच्या बरण्यांसाठी टेबलाच्या उंचीचा एक खण राखून ठेवा, वारंवार उठावं लागत नाही. टेबलामागच्या भिंतीला साडेतीन-चार फुटांपर्यंत धुता येणारा रंग द्या.

सुताराशी बोलताना

तयार टेबलापेक्षा करून घेतलेलं टेबल बहुतेक वेळा मापाला नेमकं बसतं, आणि मजबूतही होतं. पण सगळं तोंडी ठरवू नका. एका कागदावर लांबी, रुंदी, उंची, लाकडाचा किंवा प्लायचा प्रकार, सनमायकाचा नंबर, पॉलिशचे हात किती, आणि वाहतूक व जिना चढवायची हमाली कुणाकडे, हे लिहा आणि दोघांनी सही करा. लाकूड घनफुटावर घेणार असाल तर कापल्यावर उरलेले तुकडे कुणाचे तेही विचारा. पॉलिशआधी एकदा कारखान्यात जाऊन टेबल बघा. पॉलिशखाली पुट्टीनं भरलेल्या फटी झाकल्या जातात, कोऱ्या लाकडात सगळं दिसतं.

टेबल घरी आलं की ठरलेल्या जागी, आपल्या फरशीवर उभं करून चारही कोपरे दाबा. डुगडुगत असेल तर फरशीचा उतार आहे की पायाची उंची कमी आहे ते टेबल अर्धं वळवून बघा. वळवल्यावर तोच पाय उचलला गेला तर दोष टेबलाचा. सगळ्या खुर्च्या आत सरकवून बघा, ताटं मांडा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा. पैशातला शेवटचा हप्ता हे सगळं झाल्यावर द्या.